आधी वाळवा, मग खर्च करा

 मैत्रिणींनो, आम्ही कोयना खोऱ्यातल्या बचत गटांतल्या. भाकरी थापत असाल तर थापत राहा, निवडण-टिपण चालू असेल तर चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

आज आम्ही पापडावर बोलणार नाही, शेळीपालनावर नाही आणि बँकेच्या कर्जावरही नाही. आजचा विषय आहे जुनी मोटारसायकल. उन्हाळ्यात एका किकमध्ये सुरू होणारी आणि पावसाची झड लागली की मुकी होऊन बसणारी. तुम्ही म्हणाल, ही गडीमाणसांची कामं, आपल्याला काय करायचं? आम्हीही असंच म्हणत होतो. आमचे डोळे गटाच्या वहीनं उघडले, ते कसं ते आधी सांगतो.

आमच्या भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात बातम्या लागल्या की कोयना, नवजा, महाबळेश्वर ही नावं रोज कानावर पडतात. मृग निघाला की पुढचे तीन-चार महिने कपडे वाळत नाहीत, काडेपेटी सादळते, मिठाला पाणी सुटतं. घरातले कर्ते पुरुष बरेचसे मुंबईला, नव्या मुंबईला कामाला. मागे राहते ती बाई, म्हातारी माणसं, पोरं, दोन जनावरं आणि नवऱ्याची जुनी मोटारसायकल. आता आमच्यातल्या कितीतरी जणी ती गाडी चालवतात. दुधाच्या किटल्या डेअरीवर नेतात, बाजाराला माल नेतात, सासूला दवाखान्यात नेतात.

आमच्या गटातली एक वहिनी अशीच. रोज सकाळी शेजारच्या चार घरांचं दूध गोळा करून डेअरीवर घालायची. त्यासाठी तिनं गटाकडून कर्ज घेऊन जुनी गाडी नीट करून घेतली होती. उन्हाळाभर हप्ता अगदी तारखेला आला. आषाढात पहिला हप्ता चुकला, श्रावणात दुसरा. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब. आम्ही बैठकीत तिला सगळ्यांदेखत बोललो. दंड लावला. ती खाली मान घालून बसली, काही बोलली नाही.

नंतर आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा कळलं. गाडी पडवीत उभी होती. दूध नेण्यासाठी ती टेम्पोला पैसे देत होती, आणि दुधातून सुटणारे पैसे त्यातच जात होते. शिवाय गाडीवर दोनदा खर्च झाला होता. पहिल्यांदा तिला सांगितलं की कॉइल गेली. कॉइल बदलली, गाडी चार दिवस चालली आणि पुन्हा बंद. मग सांगितलं सीडीआय गेला. तोही बदलला. आठवडाभर चालली आणि पुन्हा बंद. हप्त्याचे पैसे त्या दोन डब्यांत गेले होते, आणि बैठकीत हे सांगायची तिला लाज वाटली होती.

आमच्या गावात एक आजोबा आहेत, एस.टी.च्या डेपोत आयुष्यभर वायरिंगचं काम केलेले. त्यांना बोलावलं. ते आले, गाडीभोवती एकदा फिरले आणि वहिनीला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पोरी, ती चार दिवस चालली तेव्हा पाऊस होता का उघडीप?"

वहिनी आठवून म्हणाली, "उघडीप होती."

"आणि पुन्हा बंद पडली तेव्हा?"

"झड लागली होती."

आजोबा म्हणाले, "मग कॉइलनं नाही सुरू झाली, उन्हानं झाली."

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्याचं सार या एका वाक्यात आहे. ओल्यामुळे बंद पडलेली गाडी वाळली की आपोआप सुरू होते. मधल्या काळात जो भाग बदललेला असतो, श्रेय त्याला मिळतं. पैसे जातात, आणि खरा दोष जागेवरच राहतो. पुढची सर आली की पुन्हा तेच. मेकॅनिकची दरवेळी लबाडीच असते असं आम्ही म्हणत नाही. गाडी गॅरेजात पोचेपर्यंत अर्धी वाळलेली असते, तिथं दोष दिसतच नाही. दोष दिसतो तो तुमच्या दारात, भर पावसात. म्हणून तो तुम्हीच शोधायला हवा.

आजोबांनी त्या दिवशी आम्हा आठ-दहा जणींना पडवीत बसवून जे शिकवलं, ते आता क्रमानं सांगतो. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

आधी गाडीतली वीज कुठून येते ते समजून घेऊ. आजोबांनी सांगितलं, जुन्या शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत विजेचे दोन पाणवठे असतात. एक आहे हौद, दुसरा वाहता पाट. हौद म्हणजे बॅटरी, बारा व्होल्टची. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा हे सगळे या हौदातलं पाणी पितात. वाहता पाट म्हणजे इंजिनातलं मॅग्नेट. इंजिन फिरलं की तिथं वीज तयार होते. प्लगची ठिणगी या पाटावर चालते आणि हेडलाइटही. म्हणून तर जुन्या गाडीचा हेडलाइट रेस वाढवली की उजळतो आणि गाडी हळू झाली की मंद होतो.

हे कळलं की निम्मं काम झालं. चावी लावा आणि हॉर्न वाजवा. हॉर्न मेलेला आहे, इंडिकेटर लागत नाही, पण किक मारल्यावर गाडी सुरू होते, असं असेल तर दोष हौदाकडचा, म्हणजे बॅटरी, फ्यूज किंवा त्यांच्या तारा. उलट हॉर्न खणखणीत आहे पण गाडी सुरू होत नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नका. दोष बहुधा पाटाकडचा, ठिणगीचा.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांत बहुतेकींना कार्बोरेटर नाही, पेट्रोल सोडण्याचं कामही विजेवर चालतं आणि त्यांना बॅटरी लागतेच. आमचं आजचं बोलणं त्या गाड्यांसाठी नाही. कार्बोरेटर आणि किकवाल्या जुन्या गाडीसाठी आहे.

आता हात लावण्याआधीचे नियम. गाडी पावसातून आत, कोरड्या जागी घ्या. चूल, शेगडी, उदबत्ती यांपासून लांब. पेट्रोलचा वास येत असेल किंवा कुठं ठिबकत असेल तर ठिणगीची कुठलीही तपासणी करू नका, आधी गळती बंद करा. सायलेन्सर गार होऊ द्या. पदर, ओढणी खोचून घ्या, बांगड्या मागे सारा. आणि तपासताना एका वेळी एकच गोष्ट करा. चार गोष्टी एकदम केल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशानं झाली ते कधीच कळणार नाही.

पहिली जागा, प्लगची टोपी. इंजिनाच्या डोक्यावर जाड काळी तार येते, तिच्या टोकाला रबराची किंवा कडक प्लॅस्टिकची टोपी असते. तिला प्लग कॅप म्हणतात. पावसातला दोष सगळ्यात जास्त वेळा इथं सापडतो. कारण काय? बॅटरीची वीज बारा व्होल्टची, पण प्लगकडे जाणारी वीज हजारो व्होल्टची. एवढ्या जोराच्या विजेला प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओल्या टोपीवरून सरपटत इंजिनाच्या लोखंडात जाणं सोपं वाटतं. ती आडवाटेनं गेली की पेट्रोल पेटत नाही.

टोपी काढताना टोपी धरून ओढा, तार धरून नाही. आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्यानं पुसा. आत पाणी असेल तर झटका, सायकलच्या पंपानं हवा मारा. आता उजेडात नीट बघा. केसासारखी चीर आहे का? काळी किंवा पांढुरकी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी रेघ आहे का? तशी रेघ म्हणजे वीज सरपटल्याची खूण. अशी टोपी वाळवून आजचा दिवस निभावेल, पण पुढच्या सरीला पुन्हा दगा देईल. ती बदला. ही वस्तू स्वस्त आहे. बऱ्याच गाड्यांत टोपी तारेवर पेचासारखी फिरवून बसवलेली असते. उलटी फिरवून काढली की तारेचं टोक दिसतं. ते हिरवं पडलं असेल आणि तार पुरेशी लांब असेल, तर बोटाच्या नखाएवढं टोक कापा आणि टोपी पुन्हा घट्ट फिरवून बसवा.

वहिनीच्या गाडीत हेच निघालं. टोपीला खालच्या बाजूनं चीर होती. नवी टोपी साठ रुपयांना मिळाली. आधी बदललेल्या कॉइल आणि सीडीआयचा आकडा आम्ही इथं सांगत नाही. तो ऐकून त्या दिवशी सगळ्या गप्प झाल्या होत्या.

दुसरी तपासणी, ठिणगी. यासाठी एक चांगला प्लग घरात जास्तीचा ठेवा. जुना प्लग इंजिनात तसाच घट्ट राहू द्या. त्यामुळे भोक बंद राहतं, आत चिखल-पाणी जात नाही आणि पेट्रोलची वाफही बाहेर येत नाही. पेट्रोलचा नळ बंद करा. टोपी जास्तीच्या प्लगला लावा आणि त्या प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. प्लग किंवा टोपी हातात धरू नका, प्लॅस्टिकच्या मुठीच्या कोरड्या पक्कडीनं धरा. झटका सणसणीत बसतो. चावी चालू करून दुसरीला किक मारायला सांगा. सावलीत बघितलं तर प्लगच्या टोकाला ठिणगी दिसते. निळसर, ठसठशीत असेल तर चांगली. पिवळट, बारीक असेल तर कमजोर.

या प्लगवर ठिणगी चांगली आली म्हणजे कॉइल आणि सीडीआय काम करत आहेत. मग दोष इंजिनातल्या जुन्या प्लगचा असू शकतो. तो काढण्याआधी त्याच्या भोवतीचं पाणी आणि माती पंपानं उडवून लावा, नाहीतर सगळं इंजिनात पडेल. पुष्कळ किका मारल्या असतील तर प्लग पेट्रोलनं भिजलेला असतो. फडक्यानं पुसा, वाऱ्यावर वाळवा. काहीजण प्लग चुलीत नाहीतर गॅसवर तापवतात, ते करू नका. पेट्रोलानं भिजलेली वस्तू विस्तवाजवळ न्यायचीच नाही.

ठिणगी चांगली आहे, प्लगही चांगला आहे, तरी गाडी सुरू होत नाही? मग दोष विजेचा नसेल. टाकीच्या झाकणातून पाणी पेट्रोलात गेलं असेल आणि कार्बोरेटरच्या तळाला बसलं असेल, किंवा हवेची जाळी भिजली असेल. तेव्हा मेकॅनिकला तसं स्पष्ट सांगा, "ठिणगी तपासली, चांगली आहे." हे एक वाक्य पुढचा बराच खर्च वाचवतं.

तिसरी जागा, चावीचा स्विच. जास्तीच्या प्लगवरही ठिणगी आली नाही तर इथं बघायचं. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात नवलाची वाटली. आपल्याला वाटतं, चावी फिरवली की वीज सुरू होते. जुन्या बऱ्याच गाड्यांत ठिणगीच्या बाबतीत उलटं असतं. ठिणगीची वीज मॅग्नेटमधून येतच असते. चावी बंद केली की स्विच ती वीज गाडीच्या लोखंडात सोडून देतो, म्हणून गाडी बंद पडते. आता चावीच्या भोकातून पाणी आत गेलं तर काय होईल? तुम्ही चावी चालू केलेली असते, पण आतल्या ओलीमुळे वीज लोखंडात जातच राहते. म्हणजे बाहेरचं कुलूप उघडलं, पण आतली कडी पडलेलीच.

अशा वेळी चावी दहा-वीस वेळा चालू-बंद करा, भोकात पंपानं हवा मारा. पाणी हटवणारा स्प्रे दुकानात मिळतो, त्याचा एक फवारा द्या आणि थोडा वेळ थांबा. तरीही नाही झालं तर हेडलाइटच्या मागे जिथं स्विचच्या तारा जोडलेल्या असतात, तो जोड उघडून वाळवा. इंजिन बंद करणारी तार वेगळी काढून बघितली की दोष स्विचचा आहे का ते लगेच कळतं. वहिनीच्या गाडीत ती काळी, वर पांढरी रेघ असलेली होती. तुमच्या गाडीत रंग वेगळा असू शकतो, म्हणून ती तार कोणती ते जाणकाराकडून उन्हाळ्यातच दाखवून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. आणि लक्षात ठेवा, ती तार काढलेली असताना गाडी चावीनं बंद होणार नाही. तार परत जोडली की बंद होते. तशी गाडी रस्त्यावर चालवायची नाही.

चौथी जागा, तारांचे जोड. मेकॅनिक त्यांना कपलर म्हणतात. सीटखाली, बाजूच्या कव्हरमागे आणि हेडलाइटमागे ते असतात. तांब्याची घागर ओली राहिली की हिरवा थर धरतो ना? कपलरच्या आतल्या पट्ट्यांनाही तसाच धरतो. त्यातून वीज जाते, पण अडखळत. कपलर उघडताना त्याची छोटी कडी दाबा आणि कपलर धरून ओढा, तारा धरून नाही. जुन्या दात घासायच्या ब्रशनं थर घासा, कोरड्या फडक्यानं पुसा, परत टक आवाज येईपर्यंत बसवा. पाणी, साबण लावू नका.

बसवताना तारेला थोडा झोळ द्या. तार वरून सरळ कपलरमध्ये उतरत असेल तर पाऊस तिच्यावरून ओघळत थेट आत जातो. तार आधी खाली झुकून मग वर कपलरमध्ये गेली, तर थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. आपण पागोळ्यांचं पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून पन्हाळ लावतो, तोच हिशोब.

पाचवी जागा, फ्यूज. हॉर्न, इंडिकेटर सगळं एकदम मेलं तर आधी हा बघा. बॅटरीजवळ छोट्या डबीत असतो. आतली बारीक तार तुटलेली दिसली की फ्यूज उडाला. त्यावर जो आकडा लिहिलेला असेल त्याच आकड्याचा नवा टाका. आमच्याकडे फ्यूज मिळाला नाही की चॉकलेटचा चंदेरी कागद किंवा तांब्याची तार गुंडाळायची सवय आहे. मैत्रिणींनो, हे अजिबात करू नका. फ्यूज उडतो तो गाडीला वाचवण्यासाठी. त्याच्या जागी तार लावली तर वायरिंगच जळतं, आणि वायरिंग पेट्रोलच्या टाकीच्या खालून जातं. आमच्या खालच्या वाडीतल्या एका गाडीचं वायरिंग असंच जळालं. दारात उभी होती म्हणून वाळू टाकून विझवता आली. मागे पोर बसलेलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं अजून काटा येतो.

नवा फ्यूज टाकताच तोही उडाला तर तिसरा टाकू नका. कुठंतरी तार लोखंडाला चिकटते आहे. मागच्या दिव्याच्या वाटीत पाणी साचलं आहे का बघा. हँडल वळवताना जिथं तारा घासतात तिथलं वरचं आवरण गेलं आहे का बघा. तशी जागा सापडली तर वाळवून चिकटपट्टी गुंडाळा. सापडली नाही तर बॅटरीची तार सोडून ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.

सहावी जागा, बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली असेल तर जोड नीट होत नाही. बॅटरी सोडताना आधी वजा खुणेची तार, मग अधिक खुणेची. लावताना उलट, आधी अधिक, मग वजा. भुकटी काढायला कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवा आणि ब्रशनं घासा. बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या, सोडा आत जाता कामा नये. पुसून, वाळवून जोड घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. पाण्याच्या बॅटरीत पातळी दोन रेघांच्या मध्ये हवी. कमी असेल तर बॅटरीचं शुद्ध पाणी घाला, नळाचं किंवा विहिरीचं नाही. आतलं पाणी आम्लाचं असतं, कपड्याला भोक पाडतं. हाताला लागलं तर भरपूर पाण्यानं धुवा. मुलांना लांब ठेवा, काडी ओढू नका.

गटात कुणाकडे मीटर असेल तर आकडे लिहून घ्या. गाडी बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. १२ च्या खाली गेलं तर ती रिकामी झाली आहे. गाडी चालू करून थोडी रेस दिली की आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. तो वर जातच नसेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. हौदात पाणी येणारी वाटच बंद आहे, आधी ती दुरुस्त करा. ब्रेकचा दिवाही बघा. पावसात त्याचा स्विच अडकला तर दिवा सतत जळतो आणि बॅटरी पिऊन टाकतो.

आता खात्री कशी करायची? आजोबांची ही युक्ती आम्हाला फार आवडली. गाडी वाळली, सुरू झाली, म्हणून थांबू नका. संध्याकाळी अंधार पडला की मोकळ्या हवेत गाडी चालू ठेवा. फवाऱ्याच्या छोट्या बाटलीतून एका वेळी एकाच जागी पाण्याचा हलका फवारा द्या. आधी प्लगची टोपी, मग जाड तार, मग टाकीखालची कॉइल. हात लावायचा नाही, लांबूनच. ज्या जागी पाणी पडताच इंजिन अडखळेल, तीच दोषाची जागा. कधी कधी अंधारात तिथं निळ्या ठिणग्या सरपटताना डोळ्यांना दिसतात. वहिनीच्या टोपीवर त्या आम्ही सगळ्यांनी बघितल्या. नवी टोपी लावून पुन्हा फवारा दिला, इंजिन अडखळलं नाही. तेव्हा कुठं आजोबा म्हणाले, "आता दुरुस्त झाली."

एक इशारा. गाडी पावसात भिजणं वेगळं आणि पुरात बुडणं वेगळं. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळूण-महाडमध्ये पुराचं पाणी घराघरांत शिरलं, दारातली वाहनं बुडाली. अशा गाडीला किक मारू नका, चावीही लावू नका. इंजिनात पाणी असेल तर आतले भाग मोडतात. बॅटरीची तार सोडा आणि गाडी तशीच मेकॅनिककडे न्या.

आणि एक चूक, जी वहिनीचीही होती आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींची आहे. भिजलेल्या गाडीवर प्लॅस्टिकचा कागद गच्च बांधायचा नाही. आतल्या आत वाफ धरते, पापडाच्या डब्यात ओला हात घातल्यासारखं होतं. वरून छप्पर हवं, बाजूनं वारा हवा. गाडी धुतानाही पाण्याचा जोराचा फवारा चावी, हेडलाइट, कपलर यांवर मारू नका.

आमच्या ग्रामसंघानं आता एक डबा केला आहे. त्यात प्लगचा पाना, पक्कड, पेचकस, जास्तीचा प्लग, एक टोपी, दोन फ्यूज, चिकटपट्टी, ब्रश, सुती फडकी आणि एक मीटर आहे. डबा फिरता असतो, कुणी नेला ते वहीत लिहिलं जातं. मृगाच्या आधी, वैशाखातच, एक दिवस सगळ्या गाड्या एका ठिकाणी आणतो. टोप्या बघतो, कपलर घासतो, तारांना झोळ देतो. जे आमच्या हातचं नाही ते मेकॅनिककडे देतो, पण काय बघून आलो ते कागदावर लिहून. जुना भाग बदलला तर तो परत मागून घेतो. कुणावर संशय म्हणून नाही. आपला पैसा कशावर गेला ते आपल्याला दिसलं पाहिजे म्हणून.

वहिनीचं पुढं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. भाद्रपदात तिचा हप्ता आला, दिवाळीपर्यंत मागचे दोनही फिटले. पण त्याआधीच्या बैठकीत आम्ही एक ठराव लिहिला. तिला लावलेला दंड परत द्यायचा. पैसे थोडेच होते. आम्ही तिला सगळ्यांदेखत बोललो होतो, तेव्हा चूक झाली हेही सगळ्यांदेखतच म्हणायला हवं होतं. ते म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, "मीच आधी सांगायला पाहिजे होतं."

तेव्हापासून आमच्या गटात एखादीचा हप्ता चुकला, तर दंडाचं पान उघडण्याआधी कुणीतरी विचारतं, "काय गं, गाडी चालू आहे ना?" परवाच एकीनं मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी डबा घेऊन तिच्या पडवीत होतो.

तुमच्या गावात असे आजोबा असतील, एखादी शिकलेली पोरगी असेल, त्यांना बैठकीला बोलवा. आणि पावसात गाडी बंद पडली तर घाबरू नका. आधी वाळवा, मग बघा, मग खर्च करा.

चला, आता भाकरी उलटा, करपेल. नमस्कार.